'सिबिल बसत नाही': नाकारलेल्या एका गृहकर्जाचे पंधरा महिने

ऑगस्ट २०२४ मधल्या एका रविवारी माझी मोठी मावसबहीण सांगलीहून आली, ती कागदांनी गच्च भरलेली पिशवी घेऊनच. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, फ्लॅटच्या बुकिंगची पावती आणि बँकेचं दोन ओळींचं पत्र. पत्रात कारण असं काही नव्हतंच. काउंटरवरच्या मुलाने तोंडी सांगितलं होतं, "मॅडम, तुमचं सिबिल बसत नाही." म्हणजे जुन्या कर्जांच्या नोंदींवरून मिळणारा तिचा स्कोअर बँकेला कमी पडत होता.

ताई एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. पगार ३२ हजार. भाऊजी स्कूल व्हॅन चालवतात. विश्रामबागेच्या पुढे एक छोटा फ्लॅट बघून ठेवलेला, १६ लाखांचं कर्ज हवं होतं. "मी कुणाचा एक रुपया बुडवला नाही रे," ती म्हणाली. आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते शंभर टक्के खरं होतं.

मी तालुक्याच्या गावी कर सल्लागार आहे. लोकांची विवरणपत्रं भरता भरता गेल्या काही वर्षांत सिबिलची कागदपत्रंही टेबलावर यायला लागली. ताईचं हे प्रकरण तिच्या परवानगीने, नावं वगळून लिहितोय. पुराचं पाणी, जामिनाची सही आणि शाळेत लावलेली जन्मतारीख या तिन्ही गोष्टी आपल्याकडच्या कितीतरी घरांत आहेत, म्हणून ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

अहवाल आधी, स्कोअर नंतर

त्या दिवशी पहिलं काम केलं ते पूर्ण अहवाल काढण्याचं. 'सिबिल' हा आपल्या तोंडी बसलेला शब्द असला तरी देशात कर्जाची माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या चौघींकडून दरवर्षी एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपला अहवाल आपणच बघितला म्हणून स्कोअर कमी होत नाही. ताईला कुणीतरी नेमकं उलटं सांगितलं होतं, त्यामुळे तिने पाच वर्षांत तो एकदाही उघडला नव्हता.

स्कोअर होता ५८७. ही मोजपट्टी ३०० ते ९०० अशी असते. अमुक आकड्याखाली कर्ज देऊ नका असं रिझर्व्ह बँक कुठे सांगत नाही, प्रत्येक बँक आपली रेघ आपण आखते, आणि गृहकर्जाला बऱ्याच ठिकाणी ७०० ते ७५० च्या आसपास विचारपूस सुरू होते. ताईची नजर त्या ५८७ वरून हलेना. मी कागद उलटला आणि खाती वाचायला लागलो. स्कोअर हा ताप आहे. दुखणं आतल्या ओळींत असतं.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे. चौकोनात '०००' म्हणजे हप्ता वेळेवर. '०३०' म्हणजे त्या महिन्यात तीस दिवसांची थकबाकी. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. काही बँका आकड्यांऐवजी 'एसटीडी' किंवा 'एसयूबी' अशी अक्षरं लिहितात. पहिलं म्हणजे खातं नीट, दुसरं म्हणजे बुडीताकडे झुकलेलं. ताईने चष्मा लावून एकेका चौकोनावर पेन्सिल ठेवत वाचलं. २०२० च्या रांगेपाशी आल्यावर ती थांबली. "हा लॉकडाऊन," ती एवढंच म्हणाली.

पाच गोष्टी सापडल्या. २०२१ मध्ये 'सेटल्ड' झालेलं, म्हणजे तडजोडीत मिटवलेलं, क्रेडिट कार्ड. दिराच्या टेम्पोचं कर्ज, ज्याला ती जामीनदार. मोबाईलच्या हप्त्यांचं खातं, सगळे हप्ते फिटूनही ४५० रुपये बाकी दाखवणारं. जन्मात न घेतलेलं एक दुचाकीचं कर्ज. आणि जून-जुलै अशा दोन महिन्यांत नऊ बँकांनी तिचा अहवाल उघडल्याच्या नोंदी.

या नऊ नोंदींचा उलगडा लगेच झाला. बिल्डरच्या ऑफिसात बसणाऱ्या कर्ज एजंटाने एकच फाईल दिसेल त्या बँकेत आणि फायनान्स कंपनीत टाकली होती. प्रत्येक अर्जागणिक समोरची बँक अहवाल उघडते आणि त्याची नोंद राहते. एवढ्या थोड्या दिवसांत नऊ ठिकाणी हात पसरलेला माणूस बँकेला पैशाच्या ओढाताणीतला वाटतो. त्यावर औषध एकच, काही महिने कुठेही अर्ज न करणं.

कुणाचं तरी कर्ज, आपल्या नावावर

दुचाकीच्या कर्जाने ताई सगळ्यात जास्त चिडली. ७१ हजारांचं कर्ज, आठ हप्ते थकलेले, पत्ता सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावचा. ते गाव तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. नाव तिचंच, आडनाव तिचंच, जन्मतारीखही तिचीच: १ जून १९८३. पॅनचा रकाना मात्र रिकामा.

इथेच गाठ सुटली. ताईचा खरा जन्म श्रावणातला. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावला, जसा तो आपल्याकडच्या असंख्य पोरांना लावला गेला. त्याच नावाची आणि त्याच मास्तरी जन्मतारखेची दुसरी कुणीतरी बाई सोलापूरकडे आहे, आणि पॅन नसल्यामुळे नाव-तारखेच्या जुळणीवर तिचं कर्ज ताईच्या खात्यात येऊन पडलं. ज्यांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे आणि आडनाव पाटील, जाधव, शिंदे असं सर्वत्र आढळणारं आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी अहवाल बघावा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

चूक दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या खात्यापुढे तक्रार नोंदवायची. पण कंपनी स्वतःहून काही खोडत नाही. ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि त्याने कबूल केलं तरच नोंद बदलते. म्हणून आम्ही त्याच दिवशी संबंधित फायनान्स कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्यालाही ईमेल केला, पॅन आणि आधारची प्रत जोडून, 'या कर्जाच्या करारावरची सही आणि फोटो दाखवा' असं लिहून. माझ्या अनुभवात हे एक वाक्य फार कामाचं ठरतं, कारण मग कुणाला तरी मूळ फाईल उघडावीच लागते.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेला एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. कर्ज देणाऱ्याने आपलं उत्तर २१ दिवसांत द्यायचं असतं. त्याने उशीर केला तर भरपाई त्याने द्यायची, पुढे माहिती कंपनीकडून उशीर झाला तर तिने. ताईची नोंद निघाली ४१ व्या दिवशी. काही दिवसांनी तिच्या बँक खात्यात ११०० रुपये आले. तो मेसेज तिने घरच्या ग्रुपवर टाकला, आणि त्या संध्याकाळी मला चार नातेवाइकांचे फोन आले, प्रत्येकाला आपला अहवाल काढून हवा होता. तेवढ्यावर निभावलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारी होती. सप्टेंबर २०२२ पासून या माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

मोबाईलचे ४५० रुपये हे एका परत गेलेल्या हप्त्याचा दंड होते. भरले, नो ड्यूज म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र घेतलं, खातं बंद झालं. एक चहाचा वेळ.

पूर, कार्ड आणि 'सेटल'

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. ताईचं भाड्याचं घर तेव्हा गावभागात होतं. पाणी ओसरल्यावर गाद्या, फ्रिज, पोरांची दप्तरं, सगळं चिखलात. रुग्णालयाच्या पगार खात्यावर मिळालेलं क्रेडिट कार्ड तिने तेव्हा पहिल्यांदा वापरलं. ५२ हजारांत संसार पुन्हा उभा केला.

बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते. ती भरली की झालं, असं तिला वाटलं. हिशोब असा: महिना साडेतीन टक्क्यांनी ५२ हजारांवर व्याज १८२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३२८ रुपये. किमान रक्कम पाच टक्के म्हणजे २६०० रुपये. म्हणजे २६०० भरून मुद्दलातून गेले जेमतेम साडेचारशे. हा हिशोब मी वहीच्या पानावर मांडला तेव्हा ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

त्यात मार्च २०२० आला. शाळा बंद, म्हणजे व्हॅन बंद. दोन पगारांचं घर एका पगारावर आलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. लोकांनी त्याचा अर्थ माफी असा घेतला, ताईनेही घेतला. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. सप्टेंबर २०२१ पर्यंत बाकी ८६ हजारांवर गेली. वसुलीचे फोन रुग्णालयात यायला लागले, वॉर्डात सगळ्यांसमोर. मग एकाने सांगितलं, "मॅडम, चाळीस भरा, केस मिटवून टाकतो." तिने बांगड्या मोडून चाळीस हजार भरले. एकही रुपया बुडवला नाही असं ती म्हणत होती ते या चाळीस हजारांच्या जोरावर.

केस मिटली, पण खात्यापुढे शब्द लागला 'सेटल्ड', आणि खाली 'सोडून दिलेली रक्कम ४६,०००'. पुढच्या बँकेला तो शब्द असा वाचता येतो: या माणसाने पूर्ण फेडलं नाही, आम्ही तोटा सोसला. फोनवरच्या माणसाने हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, आणि याचा मला आजही राग आहे. अडचणीतल्या माणसाला तडजोड करावीच लागते, ते चूक नाही; पण तो शब्द पुढे कितीतरी वर्षं सोबत राहणार हे सही करण्याआधी त्याला कळलं पाहिजे.

मधल्या काळात ताईने माझ्याकडे यायच्या आधीच एक वेडा खर्च केला होता. 'सिबिल क्लिअर करून मिळेल' अशा विजेच्या खांबावरच्या जाहिरातीला फोन करून आठ हजार रुपये दिले. त्या माणसाने काय केलं, तर 'हे कार्ड माझं नाही' अशी तक्रार तिच्या नावाने टाकली. बँकेने कागद दाखवले, तक्रार फेटाळली गेली. खरी नोंद कुणालाही पैसे देऊन पुसता येत नाही, आणि खोटी नोंद पुसायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

आम्ही बँकेला सरळ पत्र लिहिलं: सोडलेली रक्कम भरायची आहे, भरल्यावर खातं 'क्लोज्ड', बाकी शून्य असं चारही कंपन्यांना कळवाल, हे आधी लेखी द्या. तीन आठवडे उत्तर नाही. दुसऱ्या पत्रानंतर आलं. लेखी पत्र हातात पडेपर्यंत मी ताईला एक पैसा भरू दिला नाही, आणि भरतानाही कुणाच्या यूपीआयवर नाही, थेट कार्डाच्या खात्यावर.

४६ हजार आले भिशीतून. रुग्णालयातल्या बारा जणी, महिना पाच हजार. डिसेंबर २०२४ चा नंबर ताईने मागून घेतला. भिशीत ती अकरा वर्षं आहे, एकही महिना चुकलेला नाही. पुरात घर गेलं त्या महिन्यातही तिने उसने घेऊन भिशी भरली होती. ही अकरा वर्षांची पत कुठल्याच अहवालात नाही. भिशी ती वेळेवर भरायची कारण समोर अकरा ओळखीचे चेहरे होते. कार्डाला चेहराच नव्हता.

जामिनाची सही

सगळ्यात अवघड गाठ घरातलीच होती. २०२२ मध्ये दिराने एका सहकारी बँकेतून चार लाखांचं कर्ज काढून छोटा हत्ती घेतला. तासगावच्या बाजारात बेदाण्याची आणि एरवी भाजीपाल्याची वाहतूक करतो. जामीन कोण, तर पगारदार वहिनी. "नुसती सही आहे," असं सांगून फॉर्म पुढे आला आणि भिडेपोटी ताईने सही केली. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि खातं दोघांच्याही अहवालात दिसतं.

नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ असे चार हप्ते चुकले. नवा बेदाणा यायचा होता, त्यातच इंजिनचं काम निघालं. मार्चपासून तो पुन्हा भरायला लागला, दर महिन्याला ८७०० रुपये, एकही न चुकवता. त्यामुळे ताईने विचारलं तेव्हा तो दुखावला. "वहिनी, मी भरतोय की दर महिन्याला. बँकेत विचारा."

तो खरं बोलत होता, आणि अहवालही खरा होता. नवा हप्ता जुन्यात जुन्या थकबाकीला वळता होतो, म्हणून तो कायम चार हप्ते मागेच राहिला. ९० दिवसांपुढे खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए होतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित धरायचं नाही. मार्च ते ऑगस्ट सहा हप्ते भरले, तरी सहाही चौकोन लाल.

हे त्याला समजावायला मी गणपतीत त्यांच्या घरी गेलो. आरतीनंतर जमिनीवर बसून पासबुकाच्या नोंदी पेनाने जोडून दाखवल्या: मार्चचा पैसा नोव्हेंबरला गेला, एप्रिलचा डिसेंबरला. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे वहिनींचं घर माझ्यामुळे अडलंय?" मागचे चार हप्ते आणि दंड मिळून ३७ हजार होत होते. त्याने व्यापाऱ्याकडून २२ हजार उचल घेतली, ताईने १५ घातले. बँकेत जाऊन हप्त्याची तारीख ५ ची २० करून घेतली, कारण व्यापाऱ्याचे पैसे महिन्याच्या मध्यावर हातात पडतात. मूळ आजार तारखेचा होता, दानतीचा नव्हता. जामिनातून ताईचं नाव काढायचाही प्रयत्न केला, पण बँकेने बदली जामीनदार मागितला आणि तो मिळाला नाही.

वर चढताना

जानेवारी २०२५ मध्ये स्कोअर ६४१ झाला. त्याच महिन्यापासून बँकांनी कर्जाची माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला कळवायची असा नियम लागू झाला, त्यामुळे कार्डापुढचं 'क्लोज्ड' लवकर दिसलं. त्या एका शब्दाने आकडा काही उडी मारत नाही हेही सांगायला हवं; ते थकलेले जुने चौकोन तसेच राहतात. फरक पडतो तो फाईल वाचणाऱ्या माणसाच्या मतात.

जुनं दुरुस्त झालं तरी नवं चांगलं वागणं दिसायला चालू खातं लागतं. ताईने भिशीतून उरलेल्या पैशात भर घालून २० हजारांची मुदत ठेव केली आणि तिच्यावर १६ हजार मर्यादेचं क्रेडिट कार्ड घेतलं. पुन्हा कार्ड म्हटल्यावर भाऊजी घाबरले. नियम आम्ही घरातच ठरवला: गॅस, फोनचं बिल, किराणा, महिन्याला साडेचार हजारांच्या आत, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं असा बँकवाल्यांचा ठोकताळा आहे, तेवढं सांभाळलं. बाकी काही केलं नाही. सात-आठ महिने नुसतं थांबणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

मे मध्ये ६८८, ऑक्टोबरमध्ये ७२७. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने एकाच बँकेत अर्ज केला, सोबत कार्डाचं नो ड्यूज आणि टेम्पोच्या खात्याचा उतारा आपणहून जोडला. बँकेने पुराबद्दल विचारलं, तिने सांगितलं. कर्ज मंजूर झालं ८.२५ टक्क्यांनी. ८०० च्या वर स्कोअर असलेल्याला तीच बँक साडेसातने देत होती. १६ लाखांवर वीस वर्षांसाठी हप्ता १३,६३३ आणि १२,८८९. महिना ७४४ रुपयांचा फरक, वीस वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. दर कमी करून मागायचा अर्ज दोन वर्षांनी करायचा असं तिने डायरीत लिहून ठेवलंय.

मूळचा फ्लॅट मधल्या काळात गेला होता. त्याच रस्त्यावरचा दुसरा मिळाला, दुसऱ्या मजल्यावरचा. मजला बघूनच घेतला.

टेम्पोचे तेव्हा १७ हप्ते उरले होते. २० तारखेला दीर हप्ता गेल्याच्या मेसेजचा फोटो पाठवतो. तो आला नाही तर रात्रपाळीला निघण्याआधी ताई स्वतः फोन करते, "भावजी, गेला का हप्ता?"